वाचकांचे प्रश्न : ‘मी या सेवेला लायक नाही’

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच दुखण्याची आहेत. तीन परदेशात सेवा करणाऱ्यांची, एक पाठवणाऱ्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : संपादक मंडळास ख्रिस्तात सलाम. मी मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातली, वय ३१, शिक्षण बी. कॉम. आठ महिन्यांपूर्वी टांझानियात म्वान्झाजवळच्या एका मंडळीत शब्बाथ शाळा आणि तरुणांच्या कामासाठी आले. बायबल कॉलेज केलेलं नाही, निघण्याआधी तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं एवढंच. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास स्वाहिली शिकते, तरी मुलं माझ्या बोलण्याला हसतात. गेल्या महिन्यात उपदेश करायला सांगितलं आणि मी अर्ध्यावरच थांबले. इथले पाळक पदवीधर आहेत, शास्त्र माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात. मग मला इथे पाठवलं कशाला?
— एक बहीण, म्वान्झा

उत्तर : ताई, ‘मी या कामाला लायक नाही’ म्हणणारे बायबलातले मोशे आणि यिर्मया तुम्हाला आतापर्यंत प्रत्येकाने ऐकवले असतील. ‘मोशेही तोतरा होता, तरी देवाने वापरलाच ना?’ बहुतेक जण गोष्ट तिथेच सोडतात. निर्गमाचा चौथा अध्याय पुढे वाचा. आपण जिभेचे जड आहोत असं मोशे म्हणतो, त्यावर त्याला धीर तर मिळतोच, पण सोबत भाऊ अहरोनही मिळतो. म्हणजे बोलायला माणूस. मोशेची अडचण खरी होती आणि तिची सोय करावी लागली. तुमच्या पत्रातही काही अडचणी खऱ्या आहेत. त्यांना ‘भावना’ म्हणून गोंजारण्यापेक्षा एकेक सुटी करू. भाषा, उपदेश आणि शास्त्राचा अभ्यास या तीन वेगळ्या गोष्टींचं तुम्ही एकच गाठोडं बांधलंय.

आधी भाषा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्वाहिली यायला सुमारे ३६ आठवडे, म्हणजे वर्गातले ९०० तास धरतं. तुमचे आठ महिने म्हणजे साधारण ३५ आठवडे. आठवड्याला चार तास धरले तर झाले १४० तास, म्हणजे सहावा हिस्साही नाही. एवढ्या तासांत उपदेश अडला यात नवल नाही. उलट १४० तासांवर तुम्हाला उपदेशाला उभं केलं, ही नियोजनाची चूक आहे. मंडळीशी बोलून आठवड्याचे १५ तास भाषेला बांधून घ्या. उरलेले ७६० तास त्या वेगाने वर्षभरात होतात. हे तास ‘सेवेतून वेळ काढून’ नाहीत, पहिल्या दोन वर्षांत हीच सेवा आहे, असं पाठवणाऱ्या मंडळीला लेखी कळवा.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी फुकट मिळतात. स्वाहिलीत स्वर पाचच, आ ए इ ओ उ, आणि जसे लिहिले तसे उच्चारतात. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. ‘ङोम्बे’ म्हणजे गाय. हा सुरुवातीचा ङ पाश्चात्त्य शिकाऊंना छळतो, आपण तो बाराखडीत घोकलेला असतो. हिशेबाला हेसाबू, विम्याला बिमा, लाखाला लाकी, दुकानाला दुका, औषधाला दावा, गाडीला गारी. अरबी, फारसी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या वाटेने आलेले असे पन्नासेक शब्द पहिल्याच आठवड्यात ओळखीचे निघतात. व्याकरणाचंही तसंच. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक’ असं विशेषण बदलायची आपल्याला सवय आहे. स्वाहिलीत नामांचे वर्ग जास्त, पण युक्ती तीच. किताबू किझुरी म्हणजे चांगलं पुस्तक, विताबू विझुरी म्हणजे चांगली पुस्तकं, वातू वाझुरी म्हणजे चांगली माणसं. शब्द सुटा पाठ करू नका, विशेषणासकट जोडीने पाठ करा. आठ महिन्यांनी अडखळणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं.

मुलं हसतात त्याचं कारण कदाचित वेगळंच असेल. मराठी नाती स्वाहिलीत उलटीपालटी होतात. बाबा म्हणजे वडीलच, पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! एखाद्या थोराड मुलाला तुम्ही प्रेमाने ‘दादा’ म्हणत असाल तर वर्ग हसणारच. वेळेचा घोटाळाही पाहून घ्या. तिथे तास दिवस उगवल्यापासून मोजतात. ‘सा मोजा’, म्हणजे शब्दशः एक वाजता, हे आपले सकाळचे सात. ‘सा न्ने’, चार, म्हणजे सकाळचे दहा. सहाचा फरक धरा, नाहीतर बैठकीला तुम्ही एकट्याच हजर असाल.

रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी भाषा शिकवणाऱ्या बाईंकडून पाच-सहा वाक्यांचा एकच मजकूर घ्यायचा, आज मी कुठे जाणार, काल काय शिजवलं, असा साधा. त्यांच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून वीस वेळा ऐकायचा, मागोमाग म्हणायचा. मग बाहेर पडून तोच मजकूर किमान वीस माणसांना ऐकवायचा : बाजारात, पाण्याच्या नळावर, शेजारी. संध्याकाळी अडलेल्या जागा वहीत उतरवायच्या. फक्त पुस्तकातून शिकणारे वाचतात छान आणि बोलताना गोठतात, कारण त्यांचं तोंड कधी वळलेलंच नसतं. खेड्यातल्या वयस्कर मंडळींची घरची भाषा सुकुमा आहे, स्वाहिली त्यांचीही दुसरी भाषा. त्यांच्याशी बोलताना संकोच निम्मा होतो. मात्र मोठ्यांना आधी ‘शिकामो’ म्हणायला चुकू नका (उत्तर येतं ‘माराहाबा’). व्याकरण चुकलं तर लोक हसतात, शिकामो चुकलं तर दुखावतात.

आता उपदेश. वर्षभर तो करूच नका. त्याऐवजी पाच मिनिटांची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, तयार करा, साधारण ३०० शब्दांची, शिक्षिकेकडून तपासून घेतलेली, तोंडपाठ. शास्त्रवाचनाची पाळी मागून घ्या. मार्काच्या शुभवर्तमानाचा रोज एक अध्याय स्वाहिलीत मोठ्याने वाचला तर सोळा दिवसांत एक फेरी होते. तीन फेऱ्यांत मंडळीच्या निम्म्या प्रार्थना कळू लागतात, कारण त्या त्याच शब्दांत असतात.

बोलावंच लागलं तर दुभाषी घ्या, आणि दुभाष्यालाही तयारी लागते. लिहिलेला मजकूर दोन दिवस आधी द्या. एका वाक्यात दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त नकोत. वाक्य पूर्ण करूनच थांबा, अर्ध्यावर थांबलात तर त्याला क्रियापद कुठे जाणार ते कळत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, स्वाहिलीत कर्माच्या आधी. वचनं तिथल्या मंडळीच्याच भाषांतरातून त्याला वाचू द्या, तुम्ही भाषांतर करू नका. म्हणी, कोट्या, अभंगांच्या ओळी गाळा. वीस मिनिटं मिळाली तर तुमचा मजकूर दहा मिनिटांचाच हवा. उपदेश अर्ध्यात तुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच की माणूस वीस मिनिटांचं लिहून नेतो आणि चाळिसाव्या मिनिटाला मंडळी चुळबुळू लागते.

तिसरी गोष्ट, शास्त्राचा अभ्यास. पाळक तुमच्यापेक्षा जास्त जाणतात ही अडचण मानू नका, ती सोय आहे. टांझानियात मंडळ्या मोठ्या, जुन्या आहेत, त्यांची स्वतःची धर्मशिक्षणाची विद्यालयं आहेत. तिथे सर्वांत जाणकार असणं हे तुमचं काम नाही. तरुणांनी उचावी, म्हणजे करणी-चेटूक, किंवा ‘दान दे म्हणजे श्रीमंत होशील’ छापाच्या उपदेशाबद्दल विचारलं तर एक वाक्य पाठ ठेवा : ‘सिजुई, नितामुउलिझा म्चुंगाजी.’ मला माहीत नाही, पाळकांना विचारीन. आणि खरंच विचारा, पुढच्या आठवड्यात त्या तरुणाला उत्तर पोचवा. बनवून दिलेलं उत्तर महिनाभरात उघडं पडतं, विचारून आणलेल्या उत्तराने विश्वास वाढतो. सोबत पद्धतशीर अभ्यास हवा असेल तर नोकरी-सेवा सांभाळून बाहेरून करता येणारे ख्रिस्ती अभ्यासक्रम सेरामपूरच्या सिनेटकडे, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या भारतातल्या संस्थेकडे, आहेत. पण ते दुसऱ्या वर्षी. भाषा आणि पदवी एकदम धरलीत तर दोन्ही सुटतील.

दुःखाच्या घरी जाताना मात्र बिनधास्त जा. म्सिबाच्या, म्हणजे मयताच्या, घरी तुमच्याकडून प्रवचनाची अपेक्षा नसते. बायकांबरोबर चटईवर बसायचं, ‘पोले साना’ म्हणायचं, रांबिरांबीत, म्हणजे सांत्वनाच्या वर्गणीत, आपला वाटा टाकायचा आणि उठायची घाई करायची नाही. १४० तासांच्या स्वाहिलीत हे पुरेपूर जमतं.

प्रश्न : मी जीएनएम नर्स आहे, वसईकडची. सध्या झांबियात खेड्यातल्या मिशन दवाखान्यात आहे. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात. बाकीचे दिवस लोक मलाच डॉक्टर समजतात. अडलेली बाळंतीण, तापाने फणफणलेलं मूल, खोल जखम, सगळं माझ्यापुढे. मला भीती वाटते. सोबतच्या एक बाई म्हणतात, विश्वास कमी पडतोय, देव ज्यांना पाचारतो त्यांना पात्रही करतो.
— एक परिचारिका

उत्तर : त्या बाईंचं इथे ऐकू नका. तुमची भीती बरोबर आहे आणि ती रुग्णाच्या उपयोगाची आहे. ज्या कामाचं शिक्षण नाही ते श्रद्धेच्या बळावर करणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर आपली कसोटी पाहणं.

पहिलं काम कागदाचं. झांबियाच्या नर्सिंग परिषदेची नोंदणी तुमच्या नावावर आहे का ते आजच पाहा. भारतातली नोंदणी तिथे चालत नाही. मग डॉक्टरांसमोर बसून तीन याद्या करा : मी एकटी करीन, फोनवर विचारून करीन, हात न लावता पुढे पाठवीन. त्यावर त्यांची सही आणि तारीख घ्या आणि ड्रेसिंगच्या खोलीत चिकटवा. सही असली की रात्री दोन वाजता नातेवाइकांशी वाद घालावा लागत नाही, कागद दाखवता येतो.

तिसऱ्या यादीत निदान एवढं हवं : पाणी किंवा अंगावरचं दूध न घेऊ शकणारं मूल, पोटात काहीच न ठरणारं, झटके आलेलं, सुस्त किंवा बेशुद्ध मूल, रक्तदाब १६०/११० किंवा त्यावर गेलेली गरोदर बाई, झटके आलेली किंवा रक्तस्राव न थांबणारी बाई. १४०/९० पासूनच दुसऱ्या यादीतला फोन सुरू होतो. तापाला मलेरियाची झटपट चाचणी केल्याशिवाय मलेरियाचं औषध नाही, आणि चाचणी नकारात्मक आली म्हणजे ताप किरकोळ असं नाही. ताप दुसऱ्या कशाचा ते शोधायचं असतं. पाठवण्याआधीचा पहिला डोस कोणत्या औषधाचा, वजनाप्रमाणे किती, हेही डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्या.

यादी बरोबर असूनही माणूस दगावतो तो बहुधा वाहनामुळे. गाडी कोणाची, डिझेलचे पैसे कोण देणार, चालकाचा फोन लागला नाही तर दुसरा कोण, पावसात ओढा ओलांडता येतो का? एकदा दिवसाउजेडी मोठ्या रुग्णालयापर्यंत घड्याळ लावून जाऊन या. लागलेल्या वेळेत रात्रीसाठी अर्धा तास मिळवा आणि तो आकडा धरून पाठवायचा निर्णय घ्या. पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद वहीत ठेवा, पुढे काय झालं तेही. दोन-तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांबरोबर चाळलीत की पहिल्या यादीत काय वाढवता येईल ते दिसेल. पात्रता अशी एकेका ओळीने वाढते.

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या मंडळीने एका तरुण जोडप्याला दोन वर्षांपूर्वी उत्तर मोझांबिकमध्ये नांपुलाकडे पाठवलं. पत्रं तुरळक येतात, त्यांत आकडा नसतो. सभासद विचारतात, किती बाप्तिस्मे झाले? विचारलं की ते लिहितात, ‘आम्ही कमी पडतोय.’ आम्ही काय करावं?
— मंडळीचे चिटणीस

उत्तर : चिटणीससाहेब, त्यांच्या कमी पडण्यात तुमच्या प्रश्नाचा हात आहे. नांपुलाकडे एक नाही, दोन भाषा लागतात. कचेरी, शाळा, परवाना सगळं पोर्तुगीजमध्ये. घरात आणि खेड्यात माखुवा. दोन वर्षांत पोर्तुगीज नीट आणि माखुवा बाजारापुरती आली तर ती चांगली प्रगती आहे, पण ती बाप्तिस्म्यांच्या रकान्यात बसत नाही.

आपल्याच इतिहासाकडे पाहा. इंग्रज मिशनरी थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचं मराठी काव्य ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. मध्ये ३७ वर्षं गेली. मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आले, त्यांच्या पहिल्या बंगाली शिष्याचा, कृष्ण पालाचा, बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात झाला. सात वर्षं आकडा शून्य! केरींचं मराठी व्याकरण त्यानंतर, १८०५ चं.

प्रश्न बदला. तीन महिन्यांतून एकदा एवढंच विचारा : भाषेचे किती तास झाले? कोणाकडे जेवायला गेलात, कोण तुमच्याकडे आलं? तिथल्या पाळकांनी कोणतं काम तुमच्यावर सोपवलं? काय बंद केलंत आणि का? प्रकृती, झोप, पैसे कसे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मंडळीत मोठ्याने वाचू नका, ते दोघा-तिघांपुरतं ठेवा. सगळं सर्वांसमोर वाचलं जातं हे कळलं की मिशनरी खरं लिहिणं सोडतो. मग पत्रं एक तर थांबतात नाहीतर विजयाची येतात. या दुसऱ्या प्रकाराची काळजी जास्त करा.

आणि तुमच्याकडून तिकडे काय जातं? माखुवा शिकवणाऱ्याचा पगार वेगळा पाठवता का? वर्षातून चार आठवड्यांची सक्तीची सुट्टी ठरली आहे का? नसेल तर येत्या पंच सभेत आधी हा विषय घ्या, बाप्तिस्म्यांचा मागाहून.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी टांझानियाच्या किनारी भागात पाच महिने आहोत. पत्नी आधी उत्साही होती. दीड महिन्यापासून झोप नाही, भयानक स्वप्नं पडतात, रडते. ‘मी पापी आहे, मी इथे नको होते, माझ्यामुळे काम अडतंय’ हेच घोळतं. आम्ही उपास-प्रार्थना केली. मुदतीआधी परत गेलो तर मंडळीला काय तोंड दाखवू?
— एक भाऊ

उत्तर : भाऊ, तोंड दाखवण्याचं नंतर पाहू. आधी मलेरिया टाळायला त्या कोणती गोळी घेतात ते पाकिटावर वाचा. आठवड्यातून एकदाची २५० मिलिग्रॅमची गोळी असेल आणि त्यावर मेफ्लोक्विन लिहिलं असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा. या औषधाने काही जणांना भयानक स्वप्नं, निद्रानाश, चिंता, खोल निराशा, संशय, क्वचित जीव द्यायचे विचारही येतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये त्यावर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. पूर्वी नैराश्य, तीव्र चिंता किंवा फिट्सचा त्रास झालेल्यांना प्रतिबंधासाठी ते देतच नाहीत. पण निघण्याच्या गडबडीत हे विचारलं जात नाही, किंवा ‘मिशनरीला कसलं नैराश्य’ म्हणून सांगितलं जात नाही.

पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका, पण मलेरियाचं संरक्षणही उघडं टाकू नका. त्याच दिवशी पर्याय सुरू करायला सांगा. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज घेतात. ती भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. ऊन बाधतं, गरोदरपणात चालत नाही. दुसरा पर्याय अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, तीही रोज, पण महाग. मच्छरदाणी दोन्हीत हवीच. मेफ्लोक्विन शरीरातून निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही पडला तर ‘औषधाचं नव्हतंच’ असं ठरवू नका.

गोळी दुसरीच असेल तरीही दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली निराशा हा आजार समजायचा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. उपास लगेच थांबवा, न झोपलेल्या, न जेवलेल्या माणसाला तो आणखी खाली ओढतो. ‘जगून काय करू’ असं एकदाही बोलल्या असतील तर त्यांना एकटं ठेवू नका, औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि डॉक्टरांची वेळ मिळायची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

वरच्या उत्तरात केरींची सात वर्षं आम्हीच सांगितली. त्याच वर्षांत, १७९४ मध्ये, त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला आणि पत्नी डोरोथी यांचं मन जे ढासळलं ते १८०७ मध्ये त्या वारल्या तोवर सावरलं नाही. तेव्हा उपचार नव्हते, आता आहेत.

परत जायचंच ठरलं तर मंडळीला चार ओळींचं पत्र पुरे : पत्नी आजारी आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने येत आहोत, काम अमुक पाळकांकडे सोपवलं आहे, भेटायला घाई करू नका. प्रेषित पौलाबरोबर प्रचाराला निघालेला योहान मार्कही पंफुल्यातून अर्ध्यावर परतला होता. पौल त्याच्यावर इतका रागावला की पुढच्या फेरीला त्याला न्यायला तयार नव्हता, आणि त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘मार्काला घेऊन ये’ असा निरोप पाठवला. तिकिटाची तारीख बदलता येते का ते मात्र आज संध्याकाळपर्यंत विचारून ठेवा.